चार्ल्स ब्रॅडली आणि प्रभावाचा प्रश्न

१

तौलनिक साहित्याभ्यासात ‘प्रभाव’ हा शब्द जितका वापरला गेला आहे तितका तो तपासला गेलेला नाही. भारतीय भाषांतील आधुनिक वाङ्मयाचे इतिहास चाळले तर हा शब्द प्रायः दोन प्रसंगी भेटतो. एक, संशोधकाला उगमस्थाने नोंदवायची असतात तेव्हा: अमुक कादंबरीवर तमुक इंग्रजी कादंबरीचा प्रभाव, अमुक कवीवर तमुक फ्रेंच संप्रदायाचा प्रभाव. दुसरा, टीकाकाराला एखाद्या लेखकाचे मोल कमी करावयाचे असते तेव्हा. मग ‘प्रभाव’ या सभ्य शब्दाच्या आड ‘उसनवारी’ हा असभ्य शब्द उभा असतो. पहिल्या प्रसंगी प्रभाव ही नोंदवहीतील बाब ठरते, दुसऱ्या प्रसंगी आरोपपत्रातील. दोन्ही ठिकाणी गृहीत मात्र एकच असते: जे दुसऱ्याकडून आले ते आपले नव्हे.

हे गृहीत तपासण्यासाठी क्षणभर वाङ्मयाच्या कक्षेबाहेर जाणे उपयुक्त ठरेल. गायनाचे क्षेत्र या दृष्टीने विशेष सोयीचे आहे. कवी आपल्या पूर्वसूरींची पुस्तके कपाटात बंद करून ठेवू शकतो. गायकाला पूर्वसूरी गळ्यातच वागवावा लागतो. तेथे अनुकरण लपत नाही आणि त्यातून सुटका झाली तर तीही लपत नाही. अमेरिकेतील सोल आणि फंक या संगीतप्रकारांचा गायक चार्ल्स ब्रॅडली (१९४८–२०१७) याचे चरित्र म्हणूनच प्रभावाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावे असे आहे. या गायकाने आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्या एका गायकाची हुबेहूब नक्कल करण्यात घालवला, आणि त्याची स्वतःची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा त्याचे वय ६२ वर्षांचे होते.

हॅरल्ड ब्लूम याने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या बहुचर्चित ग्रंथात कवी आणि पूर्वसूरी यांचे नाते पिता-पुत्रांच्या झुंजीसारखे कल्पिले आहे. समर्थ कवी पूर्वसूरीचे अपवाचन करतो, त्याला बाजूस सारतो आणि त्या धडपडीतून स्वतःसाठी जागा मोकळी करतो, असे या उपपत्तीचे सार सांगता येईल. ब्रॅडलीच्या चरित्रात अशी झुंज कोठेही आढळत नाही. त्याने आपल्या पूर्वसूरीशी वैर केले नाही, भक्ती केली. तरीही अखेरीस त्याचा आवाज त्याचाच झाला. तो कसा झाला, हा या लेखाचा विषय आहे.

२

ब्रॅडलीचा जन्म ५ नोव्हेंबर १९४८ रोजी फ्लॉरिडा राज्यातील गेन्सव्हिल या गावी झाला. तो तान्हा असतानाच आई त्याला आजीकडे सोडून गेली, आणि तो आठ वर्षांचा झाल्यावर त्याला न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे घेऊन आली. दक्षिणेकडील राज्यांतून उत्तरेकडील औद्योगिक शहरांत कृष्णवर्णीयांचे जे प्रचंड स्थलांतर विसाव्या शतकात झाले, त्याच्या उत्तरार्धातील हे एक घर होय. शहरात आले म्हणून दैन्य संपले नाही. चौदाव्या वर्षी हा मुलगा घर सोडून गेला. रात्री भुयारी रेल्वेच्या डब्यांत झोपावे आणि दिवस रस्त्यावर काढावा, असा त्याचा क्रम काही काळ चालला होता.

याच सुमारास, १९६२ मध्ये, त्याच्या बहिणीने त्याला हार्लेममधील अपोलो थिएटरमध्ये जेम्स ब्राउनचा कार्यक्रम पाहावयास नेले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला या रंगमंचावरील ब्राउनच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले. त्याच्या कंपनीचा मालक या मुद्रणावर पैसा घालण्यास तयार नव्हता, म्हणून ब्राउनने त्याचा खर्च स्वतः सोसला, आणि पुढील वर्षी निघालेली ती ध्वनिमुद्रिका या संगीताच्या इतिहासातील एक टप्पा ठरली. प्रेक्षागृहात बसलेल्या मुलाला हे व्यवहार ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने पाहिले ते एवढेच, की आपल्यासारखाच एक माणूस प्रकाशात उभा आहे आणि त्याच्या एका किंकाळीने सारे सभागृह उठून उभे राहत आहे. घरी आल्यावर झाडूच्या दांड्याला दोरी बांधून, तोच ध्वनिक्षेपक समजून, तो ब्राउनच्या हालचालींचा सराव करू लागला. एकलव्याने द्रोणाची मूर्ती मातीची केली. या मुलाने आपल्या गुरूची मूर्ती स्वतःच्या देहाची केली.

पुढील चरित्र थोडक्यात सांगता येते, कारण त्यात घटना थोड्या आणि वर्षे फार आहेत. गरीब तरुणांना व्यवसायशिक्षण देण्यासाठी १९६४ मध्ये संघराज्य सरकारने सुरू केलेल्या ‘जॉब कोअर’ या योजनेतून तो मेन राज्यातील बार हार्बर येथे गेला आणि स्वयंपाकी झाला. तू जेम्स ब्राउनसारखा दिसतोस, असे तेथे कोणीसे त्याला म्हणाले. सहकाऱ्यांसह त्याने एक वाद्यवृंदही उभारला. पण त्यातील मुलांना व्हिएतनामच्या युद्धासाठी लष्करात बोलावणे आले आणि तो विस्कटला. न्यूयॉर्क राज्यातील वॉसेइक येथील मनोरुग्णालयाच्या मुदपाकखान्यात त्याने अनेक वर्षे काढली. १९७७ मध्ये तो भटकत कॅलिफोर्नियात पोहोचला आणि तेथे मिळेल ते काम करीत सुमारे दोन दशके राहिला. कामाच्या फटीफटींतून तो लहानसहान ठिकाणी गात असे. १९९० च्या दशकाच्या मध्यास आईच्या बोलावण्यावरून तो ब्रुकलिनला परतला. त्यानंतर काही काळातच त्याच्या भावाची गोळी झाडून हत्या झाली. त्याच मोहल्ल्यात, आईच्या जवळ, तो किरकोळ दुरुस्तीची कामे करून राहू लागला.

आणि रात्री, केसांचा टोप व चकचकीत झगा चढवून, ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’ या नावाने, तो ब्रुकलिनच्या क्लबांतून जेम्स ब्राउनचे सोंग आणू लागला.

३

या सोंगाकडे कसे पाहावे? रूढ टीकादृष्टी त्याला कलेच्या उंबरठ्याबाहेर ठेवील. नकलाकार हा करमणुकीचा धंदा करतो, कलावंत निर्मिती करतो, ही विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. परंतु ज्याची नक्कल होत होती त्या जेम्स ब्राउनचे चरित्र पाहिले तर ही विभागणी डळमळू लागते. १९५५ च्या अखेरीस लिटल रिचर्ड हा गायक एका गाण्याने एकाएकी प्रसिद्धीस आला आणि दक्षिणेतील आधीच ठरलेले कार्यक्रम सोडून निघून गेला. ते कार्यक्रम पार पाडण्यास जो तरुण उभा राहिला तो जेम्स ब्राउन होता, आणि काही ठिकाणी तर श्रोत्यांपुढे तो लिटल रिचर्ड म्हणूनच उभा होता. ब्राउनच्या कार्यक्रमातील सर्वांत गाजलेले दृश्य, थकून गुडघ्यांवर कोसळलेल्या गायकाच्या खांद्यांवर झगा टाकला जातो आणि तो झुगारून गायक पुन्हा उसळून उभा राहतो ते दृश्य, त्याला गॉर्जस जॉर्ज या कुस्तीगिराच्या थाटामाटावरून सुचले, असे तो स्वतः सांगत असे. म्हणजे ब्रॅडली ज्या झग्याची नक्कल करीत होता तो झगाही मुळात दुसऱ्याच्याच खांद्यावरून आलेला होता.

आणखी मागे गेले तर व्यक्तींची नावे संपतात आणि चर्च लागते. सोल या प्रकाराची घडणच धर्मसंगीताच्या लौकिकीकरणातून झाली. रे चार्ल्स याने १९५४ मध्ये एका भक्तिगीताची चाल आणि बांधणी घेऊन तिच्यावर स्त्रीप्रेमाचे शब्द बसवले. त्या वेळी अनेक श्रद्धाळूंना हा अधर्म वाटला. पण त्या अधर्मातूनच एक संगीतप्रकार उभा राहिला. प्रवचनकाराची हाक आणि मंडळीची ओ, शब्द अपुरा पडला की फुटणारी किंकाळी, एकाच ओळीची आवेश वाढवीत केलेली पुनरावृत्ती, ही सारी सामग्री सामुदायिक आहे. तिच्यावर कोणाचेही नाव कोरलेले नाही. ब्राउनने या सामग्रीत जी भर घातली ती प्रामुख्याने लयीची. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा आघात त्याने पहिल्या मात्रेवर आणून रोवला. आपल्याकडील परिभाषेत सांगायचे तर त्याने समेला सर्वाधिकार दिला आणि गिटार, ब्रास वाद्ये, किंबहुना गळाही तालवाद्यासारखा वापरला. १९६५ ते १९६७ या काळातील त्याच्या ध्वनिमुद्रणांतून हा बदल स्पष्ट ऐकू येतो आणि त्यालाच पुढे फंक हे नाव स्थिर झाले.

अशा परंपरेत मौलिकतेचा अर्थ ‘पूर्वी नव्हते ते’ असा करता येत नाही. येथे अनुकरण ही शिक्षणाची रीत आहे. गुरूच्या आवाजात आवाज मिसळून गाण्याखेरीज येथे दुसरी शाळा नाही. तेव्हा ब्रॅडली अनुकरण का करीत होता, हा प्रश्नच नव्हे. खरा प्रश्न हा की इतरांच्या बाबतीत काही वर्षांत संपणारी ही उमेदवारी त्याच्या बाबतीत अर्धे आयुष्य का चालली.

४

या प्रश्नाचे उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधून सापडणार नाही; ते व्यवसायाच्या इतिहासात आहे. १९७० च्या दशकात, ब्रॅडली मुदपाकखान्यात होता त्याच काळात, हे संगीत झपाट्याने बदलत गेले. मोठ्या कंपन्यांचे लक्ष नृत्यगृहांसाठी तयार होणाऱ्या डिस्को संगीताकडे वळले. मेम्फिस शहरातील स्टॅक्स ही लहान कंपनी सोलच्या उत्कर्षकाळाचे एक केंद्र होती. पण एका वितरणकरारातील कलमामुळे आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी आपल्याकडे नाही असे तिला १९६८ मध्ये आढळून आले, आणि १९७५ मध्ये तिचे दिवाळे वाजले. जी भाषा ब्रॅडलीने गळ्यात साठवली होती ती बोलण्याचे व्यासपीठच बाजारातून उठले होते. त्याच्यासाठी उरली होती ती एकच जागा: जेम्स ब्राउनच्या आठवणीवर जगणाऱ्या क्लबांची. अनुकरणाला गिऱ्हाईक होते. अनुकरणानंतर जे येते त्याला नव्हते.

हे व्यासपीठ पुन्हा उभे राहिले ते ब्रुकलिनमध्येच, एका छोट्या स्वतंत्र संस्थेमुळे. गेब्रिएल रॉथ आणि नील शुगरमन यांनी २००१ च्या सुमारास ‘डॅप्टोन रेकॉर्ड्‌स’ची स्थापना केली. बुशविक भागातील एका जुन्या राहत्या घरात त्यांनी आपला स्टुडिओ उभारला. संगणकावर तुकडे जोडण्याऐवजी वादकांनी एका खोलीत बसून वाजवावे आणि ते फितीवर मुद्रित करावे, ही त्यांची रीत. शॅरन जोन्स ही गायिका या संस्थेचा पहिला मोठा आवाज. तिने कधीकाळी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात रक्षकाचे काम केले होते. तिचा रंग, बांधा, उंची आणि वय यांपैकी एकही गोष्ट बाजाराला चालणारी नाही, असे एका मोठ्या कंपनीतील माणसाने आपल्याला तोंडावर ऐकवले होते, असे ती सांगत असे. २०१६ मध्ये तिचे निधन झाले. ज्यांना मोठ्या कंपन्यांच्या दारातून परत पाठवले होते त्यांच्यासाठी डॅप्टोनचे दार उघडे होते, ही गोष्ट या संस्थेच्या ध्वनीइतकीच महत्त्वाची आहे.

‘ब्लॅक व्हेल्व्हेट’चा कार्यक्रम पाहून रॉथने ब्रॅडलीला बोलावले. २००२ मध्ये त्याची पहिली छोटी तबकडी निघाली. परंतु सोंग उतरण्यास आणखी काही वर्षे लागावयाची होती. रॉथने त्याची गाठ टॉम ब्रेनेक या तरुण गिटारवादकाशी घालून दिली. ब्रेनेकने बुशविकमधील मेनाहन स्ट्रीटवरच्या आपल्या घरात मित्रांसह काही वाद्यरचना ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एकदा बोलता बोलता ब्रॅडलीने त्याला भावाच्या मृत्यूची हकीकत सांगितली. हीच हकीकत गाणे का होऊ नये, हा प्रश्न ब्रेनेकने विचारला. त्यानंतर तयार वाद्यरचना ऐकत ब्रॅडली स्वतःची हकीकत गाऊ लागला. भावाच्या मृत्यूचे गाणे झाले. जन्मगावाचा नामोच्चार करून साऱ्या भटकंतीचा हिशेब मांडणारे गाणे झाले. या गाण्यांची दीर्घ ध्वनिमुद्रिका जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘स्वप्ने पाहण्यास सवड नाही’ असा तिच्या नावाचा अर्थ होतो.

येथे साहित्याभ्यासकाने एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. ब्रॅडलीचे लेखन-वाचन फार बेताचे होते. त्याच्या जीवनावर पॉल ब्रायन याने केलेला अनुबोधपट २०१२ मध्ये प्रथम दाखवला गेला, त्यात साठी उलटलेला हा गायक वाचनाचे धडे गिरवताना दिसतो. तेव्हा त्याची गीते कागदावर रचून मग गळ्यात उतरलेली नाहीत. ती गाता गाता सुचली व दुसऱ्यांच्या साहाय्याने स्थिर झाली. मौखिक परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांना ही प्रक्रिया परकी वाटू नये. तिच्यात पाठांतर आणि निर्मिती एकाच श्वासात चालतात. चाळीस वर्षे दुसऱ्याचे म्हणून जे घोकले तेच, स्वतःचे सांगण्याची वेळ आली तेव्हा, शब्दांना आधार द्यायला धावून आले. ब्राउनची किंकाळी ब्रॅडलीच्या गाण्यात शेवटपर्यंत आहे. फरक इतकाच की पूर्वी ती ब्राउनची म्हणून ऐकू येत होती. आता तिच्यामागे एका विशिष्ट रात्री, एका विशिष्ट घरात घडलेला मृत्यू आहे.

५

हा फरक नेमक्या शब्दांत पकडण्यासाठी पाश्चात्त्य प्रभावविचारापेक्षा आपल्याकडील काव्यशास्त्र अधिक उपयोगी पडते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या उक्तींमध्ये आढळणाऱ्या साम्याचा विचार केला आहे. हे साम्य त्याच्या मते तीन प्रकारचे: आरशातील प्रतिबिंबासारखे, चित्रातील आकृतीसारखे, आणि सारखी शरीरयष्टी असलेल्या दोन माणसांमधील साम्यासारखे. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नसतो. चित्रातील आकृतीचा आत्मा तुच्छ. पण एकासारखा दुसरा दिसणारा माणूस हा स्वतंत्र जीव असतो. म्हणून पहिल्या दोहोंचा कवीने त्याग करावा, तिसऱ्याचा करू नये, असा त्याचा निर्णय आहे. साम्य हा दोष नव्हे, आत्म्याचा अभाव हा दोष, असे त्याचे तात्पर्य. साम्याचे प्रमाण मोजत बसणाऱ्या संशोधनाला इतके मार्मिक उत्तर क्वचितच दिले गेले असेल.

ज्या संगीतप्रकाराचे नावच ‘आत्मा’ या अर्थाचे आहे त्याच्या संदर्भात ही परिभाषा चपखल बसावी, हा योगायोग मानला तरी तो अर्थपूर्ण आहे. ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’ हे प्रतिबिंब होते: आरशासमोरून ब्राउन हलला की ते नाहीसे व्हावे. २००२ ची तबकडी हे फार तर चित्र म्हणता येईल. २०११ चा ब्रॅडली हा तुल्यदेही आहे. ब्राउनशी त्याचे साम्य कमी झालेले नाही. पण त्याला कापले तर त्याचेच रक्त येईल.

तथापि आनंदवर्धनाच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत आहे. प्रतिबिंबापासून तुल्यदेहीपर्यंतचा प्रवास हा कवीच्या प्रतिभेचा प्रवास, असे तेथे समजले जाते. ब्रॅडलीचे चरित्र या विचाराला एक पुरवणी जोडते. प्रतिभा त्याच्याकडे १९७० मध्येही होती असे मानावयास हरकत नाही. नव्हती ती त्याची हकीकत विचारणारा माणूस, साथ करणारे वादक आणि ती मुद्रित करणारी खोली. एकलव्याच्या कथेत गुरू अंगठा मागतो. येथे गुरूने काहीच मागितले नाही. बाजाराने मात्र या शिष्याची चाळीस वर्षे मागून घेतली. वाङ्मयाच्या इतिहासात ज्यांना आपण ‘अनुकरणात अडकलेले’ म्हणून एका वाक्यात निकालात काढतो, त्यांच्यापैकी किती जणांच्या वाट्याला पुढची पायरी आलीच नाही, याचा हिशेब आपण कधी केला आहे काय?

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की डॅप्टोनचा सारा उद्योगच स्मरणरंजनाचा आहे. १९६० च्या दशकातील ध्वनी जुन्या यंत्रांवर पुन्हा घडविणे ही व्यक्तीची नव्हे तर संस्थेची नक्कल होय. या आक्षेपात तथ्य आहे. या संस्थेच्या काही ध्वनिमुद्रणांत कारागिरी इतकी निर्दोष आहे की श्रोत्याला काळाचा विसर पडावा, आणि काळाचा विसर हा कलेच्या दृष्टीने नेहमीच गुण नसतो. परंतु ब्रॅडलीला हा आक्षेप लागू पडत नाही. तरुण वादकांनी जुना ध्वनी अभ्यासाने मिळवला होता. ब्रॅडली त्या ध्वनीतून कधी बाहेर पडलाच नव्हता. त्यांच्यासाठी जे पुनरुज्जीवन होते ते त्याच्यासाठी उशिरा बोललेले वाक्य होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. डॅप्टोनचे संस्थापक आणि ब्रेनेक हे श्वेतवर्णीय. कृष्णवर्णीय गायकाच्या दुःखाला चौकट देणारे, ते बाजारात आणणारे हात पुन्हा एकदा दुसऱ्यांचे होते, असे म्हणता येईल. स्टॅक्सचे संस्थापकही श्वेतवर्णीय बहीण-भाऊ होते, हे येथे आठवते. याउलट शिकागोच्या कर्टिस मेफील्डने १९६८ मध्ये स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था स्थापन केली. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा तो अधिक भरीव अर्थ होता. ब्रॅडलीचे स्वातंत्र्य हे मालकाचे स्वातंत्र्य नव्हते, हे मान्य केले पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या मापात न बसणाऱ्या गायकाला एका लहान संस्थेने दिलेली ती मोकळीक होती. त्याच मोहल्ल्यातील त्याच वादकांचा ध्वनी एमी वाइनहाउस या इंग्लिश गायिकेच्या २००६ च्या ध्वनिमुद्रिकेत जगभर गाजला आणि तो ध्वनी ज्यांच्या परंपरेतून आला ते गायक मात्र त्याच काळात छोट्या क्लबांतून गात होते. प्रभावाच्या इतिहासात कोणापासून कोणाकडे काय गेले याबरोबरच त्याचे मोल कोणाच्या पदरात पडले, हेही लिहावे लागेल.

परंतु प्रवाह एकाच दिशेने वाहतो असेही नाही. ब्रॅडलीच्या २०१६ मधील तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षकगीत हे ‘ब्लॅक सॅबथ’ या बर्मिंगहॅमच्या श्वेतवर्णीय रॉक वाद्यवृंदाचे १९७२ मधील गाणे आहे. मूळ गाणे मोडलेल्या संसाराचे. २०१४ मध्ये ब्रॅडलीच्या आईचे निधन झाले आणि त्यानंतर हे गाणे तो तिला उद्देशून गाऊ लागला. शब्दांत फारसा बदल नाही. पण पत्नीच्या वियोगाचे गाणे मातृवियोगाचे झाले, आणि ज्या आईने तान्हेपणी सोडले व चाळीसहून अधिक वर्षांनंतर परत बोलावले तिच्याविषयीचे सारे न सुटलेले प्रश्न त्यात येऊन बसले. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त अर्थहरणाचे प्रकार सांगताना आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांना चौथा जोडला आहे, ‘परपुरप्रवेशसदृश’. मूळ एकच, पण त्याभोवतीची मांडणी पूर्ण निराळी, असा त्याचा शास्त्रीय अर्थ. या संज्ञेतील रूपक मात्र योग्याने परकायेत शिरण्याचे आहे, आणि ब्रॅडलीचे हे गाणे ऐकताना ते रूपकच शब्दशः खरे वाटू लागते. देह परका, आत जाऊन बसलेला जीव याचा.

७

या साऱ्याचा भारतीय भाषांच्या अभ्यासकाशी संबंध काय, असा प्रश्न विचारला जाणे साहजिक आहे. कृष्णवर्णीय अमेरिका आणि मराठी वाङ्मय यांचा संबंध नवा नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. पुढे १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुण लेखकांनी जी संघटना उभारली तिचे ‘दलित पँथर’ हे नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलेले होते. नाव घेतले, ही गोष्ट उघड आहे आणि कोणी लपवलेलीही नाही. परंतु त्याच वर्षीच्या ‘गोलपिठा’तील भाषा कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतून आलेली आहे, ती ओकलंडहून येणे शक्यच नव्हते. नावातील साम्यावर बोट ठेवून ‘प्रभाव’ असे लिहिणे सोपे असते. त्या साम्याच्या आत स्वतंत्र जीव आहे की नाही हे पाहण्यासाठी कवितेपर्यंत जावे लागते, आणि कवितेपर्यंत जाण्याचा कंटाळा हा प्रभावसंशोधनाचा जुना रोग आहे.

ब्रॅडलीच्या उदाहरणावरून तीन गोष्टी हाती लागतात. अनुकरण ही निर्मितीची विरोधी अवस्था नसून अनेक परंपरांत ती निर्मितीची उमेदवारी असते. ही उमेदवारी संपते ती पूर्वसूरीचा पराभव केल्याने नव्हे. घेतलेल्या रूपात स्वतःचे जगणे ओतल्याने ती संपते. आणि ती कधी संपेल हे एकट्या प्रतिभेवर अवलंबून नसते. ऐकून घेणारा माणूस, छापणारा वा मुद्रित करणारा हात आणि मोबदला देणारी व्यवस्था यांचाही त्यात वाटा असतो. यांतील पहिल्या दोन गोष्टी आपल्या काव्यशास्त्राने फार पूर्वीच ओळखल्या होत्या. तिसरी लिहिणे हे आजच्या तौलनिक अभ्यासाचे काम आहे. भारतीय भाषांत प्रकाशनाची साधने कोणाच्या हाती होती, कोणाला नियतकालिक मिळाले आणि कोणाची वही घरातच राहिली, हा प्रभावाच्या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे.

२०१६ मध्ये ब्रॅडलीला जठराचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. उपचारांनंतर तो पुन्हा रंगमंचावर उभा राहिला आणि २३ सप्टेंबर २०१७ रोजी ब्रुकलिनमध्ये त्याचे निधन झाले. पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेपासून मृत्यूपर्यंत त्याला पुरती सात वर्षेही मिळाली नाहीत. २०१८ मध्ये त्याच्या उरलेल्या ध्वनिमुद्रणांची चौथी ध्वनिमुद्रिका सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, आणि तिला नाव दिले ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’. एके काळी हे नकलाकाराचे नाव होते. टोप आणि झगा उतरल्यावरही ते राहिले, आणि अखेर ज्याचे होते त्याच्याच आवाजावर ते छापले गेले.